देवालाही नाही

माझ्या पहिल्या भाषणाला श्रोता एकच होता, आणि तोही पाठमोरा. माय चुलीपुढं बसून मिलोच्या भाकरी थापत होती आणि मी तिच्या पाठीमागं पत्र्याच्या पेटीवर उभी राहून "सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि माझ्या मैत्रिणींनो" असं बेंबीच्या देठापासून ओरडत होते. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी. तिची भाकरी परातीतच फाटायची, आणि फाटली की माय त्या धान्याला, ते पाठवणाऱ्या परक्या मुलखाला आणि ते खाणाऱ्या आम्हाला एका दमात शिव्या घालायची. माझं भाषण आणि तिच्या शिव्या यांची जुगलबंदी रोज संध्याकाळी चालायची. शेजारची धुरपदाकाकू कुडापलीकडून विचारायची, "सगुणे, तुह्या पोरीला काई चावलं का गं?"

आम्ही मूळचे पाचोडच्या पुढचे, मेंढरं राखणारे. पाऊस सलग रुसला तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजारात मेंढरं मिळेल त्या भावाला काढली आणि आमच्यासारखी बरीच घरं शहराच्या कडेला, जालना रोडच्या बाजूला येऊन टेकली. तिथं तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. एका अर्धवट बांधलेल्या कारखान्यावर अण्णा वॉचमन झाले. जन्मभर रानोमाळ हिंडलेला माणूस आता दिवसभर एका फाटकाशी खुर्चीत बसायचा आणि घरी आल्यावर पाय दुखतात म्हणायचा. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग टँकरभोवतीची भांडणं, दिवसभर लांबून येणारा हातोड्यांचा आवाज, आणि दिवस कलला की मायच्या हातातली लोकर कातायची चाती. मेंढरं गेली तरी लोकरीचं एक गाठोडं तिनं गावाहून आणलं होतं. हात रिकामा झाला की ती चातीला पीळ देऊन खाली सोडायची आणि काळा धागा गुडघ्यापर्यंत उतरायचा. त्या धाग्याचं पुढं काय करायचं, घोंगडी विणायला कोण बसणार, हे तिलाही ठाऊक नसावं. आज त्या जागी उंच इमारती आहेत, शहराचं नावही बदललं, नळाला अजून रोज पाणी नाही आणि टँकर मात्र येतोच. त्याचा हॉर्न वाजला की या वयातही माझा हात आपोआप रिकाम्या भांड्याकडं जातो.

मी औरंगपुऱ्याकडच्या मुलींच्या शाळेत जायचे. तिथं मराठी शिकवायला निर्मलाबाई होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, पण बोलायला लागल्या की मागच्या बाकावरच्या मुलीही वेणीशी खेळायचं थांबवायच्या. "मेंढरं हाकणाऱ्याचा गळा आहे गं तुझा, माइक लागायचा नाही," असं म्हणाल्या आणि मला राग यायच्या आत त्यांनी वक्तृत्व स्पर्धेला माझं नाव घातलंसुद्धा. विषय होता स्त्रियांचा मताधिकार. लिहून काही दिलं नाही, बोलायचं कसं तेवढं शिकवलं. वरच्या पट्टीत सुरू करायचं नाही, हळू बोललं की लोक पुढं वाकतात. समोरचा एक चेहरा निवडायचा आणि त्याच्याशीच बोलायचं. मोठी गोष्ट तीन पायऱ्यांनी चढायची, आणि तिसरी पायरी अशी ठेवायची की ऐकणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. शेवटी प्रश्न असा टाकायचा की उत्तर समोरून यावं. "आपण सांगितलेलं माणूस विसरतं, द्वारका," बाई म्हणायच्या, "स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दाला मात्र ते बांधलं जातं." बांधलं जातं, हे त्यांचेच शब्द. तेव्हा ते मला भारी आवडले होते.

पहिल्या दोन पायऱ्या मला लगेच सुचल्या, तिसरी काही केल्या सुचेना. अशातच एका संध्याकाळी भाकरी आटोपून माय चाती घेऊन उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "रोज वरडायलीस, मताधिकार मताधिकार. हाय काय ते?"

"मत कुणाला द्यायचं ते आपलं आपण ठरवायचं," मी सांगितलं. "आणि ते कुणालाही सांगायचं नाही."

"तुह्या बापाला बी नाय?"

"अण्णांना पण नाही."

चाती तिच्या गुडघ्याशी गिरक्या घेत होती. मायनं ती हातानं थांबवली. मग हळूच विचारलं, "आन देवाला?"

मला हसू फुटलं, आणि हसता हसताच डोक्यात उजेड पडला. मी उडी मारून पेटीवर चढले आणि आरोळी ठोकली, "बापाला नाही, नवऱ्याला नाही, देवालाही नाही!" काय वाक्य झालं होतं! कुडापलीकडून धुरपदाकाकूची सुद्धा टीका आली नाही. मायनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "देवाला बी नाय," ती स्वतःशीच म्हणाली आणि चातीला पुन्हा पीळ दिला.

त्या वाक्यानं मला ढाल मिळवून दिली. सभागृहात टाळ्या थांबेनात, एका परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. ढाल घेऊन मी वस्तीत आले तर पोरं मागं, मी पुढं, अशी वरातच निघाली. ती बातमी लिंबाजी मुकादमापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. लिंबाजीकाका खडीच्या कामावर मुकादम होते आणि आमच्या वस्तीचे कर्तेही तेच. माणूस वाईट नव्हता, हे मी आज मुद्दाम लिहिते. अण्णांची नोकरी त्यांनीच लावली होती. वस्तीत टँकर यायला लागला तो त्यांनी आणि दौलतरावांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले म्हणून. हे दौलतराव आता वॉर्डाच्या निवडणुकीला उभे होते, आणि वस्तीची मतं त्यांनाच पडायला हवीत असा काकांचा ध्यास होता.

"द्वारके, ढाल आनलीस म्हनं," काका दारात उभं राहून म्हणाले. "मंग आपल्या बायांफुडं बोल की. मतदानाच्या दिशी एक बाई उठत नाय. आमचं काय काम तिथं, म्हनत्यात. जागं कर त्येंला."

मी फुशारकीनं सांगितलं की मी फक्त हक्काविषयी बोलेन, कुणा उमेदवाराचं नाव माझ्या तोंडून यायचं नाही. "नगं घिऊस," काका हसले. "नावाचं मी बघतो."

दिवेलागणीला वस्तीच्या मधोमध, खंडोबाच्या चार विटांच्या देवळीपुढं बाया जमल्या. कामावर खायला मिळालेली सुकडी पोरांच्या हातावर ठेवून त्यांना गप्प बसवलं होतं. पुरुष मागं बिड्या ओढत उभे होते, त्यांत अण्णा. माझ्यासाठी कुणीतरी खुर्ची आणली, पण मी जमिनीवरच उभी राहिले. सन्माननीय वगैरे सगळं मी घरीच ठेवून आले होते. चेहरा निवडायला मला शोधाशोध करावी लागली नाही. पहिल्या रांगेत माय बसली होती, पदर डोक्यावर, हात मांडीवर, आणि या खेपेला ती पाठमोरी नव्हती.

"बायांनो," मी अगदी हळू सुरू केलं, "सकाळी चूल कोन पेटवतं?" आमी, म्हणून एकदोघी लाजत बोलल्या. "खडी कोन फोडतं? पानी कोन आनतं?" आता आवाज वाढला. "मंग शिक्का मारायला तेवढा नवरा काऊन जातो? सातासमुद्रापल्याड बायांनी ह्या एका मतासाठी तुरुंग भोगला, उपास काढले. आपल्याला ते घरबसल्या मिळालं, आन आपन ते फडताळात ठिवून दिलं." धुरपदाकाकूनं पदर डोळ्याला लावला. ते बघून माझ्या अंगात वारं शिरलं. मी एकेक पायरी चढले. मत कुणाला द्यायचं ते बापाला सांगायचं नाय. नवऱ्याला सांगायचं नाय. मग थांबले, बाईंनी शिकवलं होतं तेवढी थांबले, आणि आवाज टाकला, "देवालाबी सांगायचं नाय!" बायांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. "मंग सांगा, मत कुनाचं?"

"आमचं!" अख्खी वस्ती दणाणली. मागच्या पुरुषांच्या बिड्या तोंडात तशाच राहिल्या. आपल्या जिभेनं हे झालं, याची मला स्वतःचीच भूल पडली होती.

तेवढ्यात काका देवळीतून बाहेर आले. त्यांच्या हातात पितळेची ताटली होती आणि तिच्यात भंडारा, खंडोबाची हळद. आमच्यात भंडारा उचलणं म्हणजे काय हे सांगायला हवं. देवापुढची चिमूट उचलून कपाळाला लावली आणि शब्द दिला, की तो शब्द मोडत नाही. मोडला तर कळप रोगानं बसतो, पोराचे डोळे जातात, आणि मोडणाऱ्याच्या एकट्याच्या नव्हे, सगळ्या वाडीच्या मागं देव लागतो, अशी आमच्या लोकांची पक्की समजूत. कोर्टात खोटं बोलणारा माणूसही भंडाऱ्यापुढं खोटं बोलायचा नाही.

"पोरगी लाखाचं बोलली," काका म्हणाले. "मत तुमचं हाय. तर मंग तुमीच उठा, तुमच्या हातानं उचला, आन दौलतरावाला देनार म्हना. येळकोट येळकोट!"

"जय मल्हार!" म्हणत धुरपदाकाकू उठली. माझ्या भाषणानं आलेलं पाणी अजून तिच्या गालावर होतं. तिनं चिमूट उचलली, कपाळाला लावली, दौलतरावाचं नाव घेतलं, आणि वळून माझ्याकडं इतक्या मायेनं पाहिलं की मला काही समजेनासं झालं. तिच्यामागं दुसरी उठली, मग तिसरी. रांगच लागली. आधी कधी बायांना ताटलीपुढं उभं केलं नव्हतं, भंडारा पुरुष उचलायचे. आज मानानं बोलावलं होतं, आणि हा मान माझ्या भाषणानं मिळाला असं त्यांना वाटत होतं. मी सुन्न होऊन बघत राहिले. दोन मिनिटांपूर्वी जे मी त्यांच्या हातात ठेवलं होतं, ते त्या हसत हसत ताटलीत टाकून जात होत्या. मी ओरडायला हवं होतं, पण मला खरोखर समजत नव्हतं की चुकतंय कुठं. प्रश्नही माझाच होता आणि उत्तरही मला हवं तेच आलं होतं.

माय उठली. ताटलीपाशी गेली. तिनं देवाला हात जोडले आणि हात परत पदरात घेतले.

"म्या नाय उचलत, भावजी."

कुणालाच नीट ऐकू आलं नसावं, कारण काकांनी ताटली आणखी पुढं केली. मागून अण्णा म्हणाले, "उचल की सगुणे, चिमूटभर तर हाय."

"पोरगी आत्ताच म्हनली, देवाला बी सांगायचं नसतं," माय म्हणाली. तिच्या आवाजात भांडण अजिबात नव्हतं, ती खरंच अडली होती. "मंग देवाफुडं सांगू कशी?"

कुणीतरी हसलं आणि हसता हसता थांबलं. काकांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडं वळले. "द्वारके, सांग तुह्या मायला. भाषन संपलं म्हनाव." सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. मी मायकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. तिला वाटत होतं मी पुढं काहीतरी सांगेन, काय करायचं ते समजावेन. माझ्याजवळ पुढचं काहीच नव्हतं. त्या वाक्यानंतर माझ्या भाषणात फक्त प्रश्न आणि टाळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मायची घागर रांगेत होती, ती धुरपदाकाकूनं उचलून बाजूला ठेवली. आपटली नाही, हळूच ठेवली. "राग धरू नगंस, सगुणे," ती म्हणाली, "पन समद्यांनी उचललं आन तू एकली राहिलीस. देव कोपला तर मह्या लेकराचे डोळे जातील. आदी उचल, मंग भर." बाकीच्या बाया खाली बघत होत्या. मला आयुष्यात इतका धक्का कधी बसला नव्हता. काकांनी सांगितलं असतं तर मी समजू शकले असते, पण त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. ह्या त्याच बाया होत्या, आमचं म्हणून गर्जलेल्या. मी तिथंच टँकरच्या चाकाशी उभी राहून बोलायला लागले. हळू सुरुवात केली, चेहरा निवडला, पायऱ्या चढले. "मत कुनाचं?" मी विचारलं. पाणी घागरीत पडत राहिलं. "सरक गं बाजूला," एकजण म्हणाली, "पाइप दिसंना."

तेव्हापासून मतदानापर्यंत माय वस्तीचं पाणी प्यायली नाही. कामावरून आली की ती घागर घेऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या गल्लीत जायची. तिथं रझियाखाला राहायची, तिचा नवरा कारखान्यावर गवंडी होता. तिच्याकडं एक रांजण होता आणि न मागता ती त्यातलं अर्धं पाणी ओतून द्यायची. "ले जा गे," म्हणायची, "पानी कू क्या मालूम, किसका मत किधर." घरात अण्णा मायशी बोलत नव्हते. नोकरी जाईल ही धास्ती त्यांना होती. नुसते भाकरीचा तुकडा मोडून ताटात तसाच ठेवायचे. मी मायला म्हणाले, उचल गं बाई, मी हात जोडते, ते नुसतं भाषण होतं. ती म्हणाली, "नुसतं म्हंजी?" आणि घागर उचलून बाहेर पडली.

निर्मलाबाईंना मी सगळं रडत रडत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. बिनचष्म्याच्या त्या अगदी वेगळ्या, म्हाताऱ्या दिसायच्या. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी मुलींना टाळ्या घ्यायला शिकवतेय गं. कुणी खरंच ऐकेल, असं मनातसुद्धा आलं नाही." एवढं बोलून त्या पुढच्या तासाला गेल्या. त्या दिवशी त्यांनी वर्गात नुसतं शुद्धलेखन घातलं.

मतदानाच्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बाया गेल्या, कपाळाला भंडारा लावून, गाणी म्हणत. माय एकटी, मागून गेली. मतदान होतं त्या शाळेच्या कुंपणाबाहेर मी उभी होते. रांगेत तिच्या पुढची बाई आणि ती यांच्यात एका माणसाची जागा मोकळी राहिली होती. आत जाऊन ती बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई वाळावी म्हणून तिनं हात वर धरला होता. अण्णांनी वाटेत विचारलं, "कुनाला दिलंस?" तिनं सांगितलं, "दिलं."

दौलतराव निवडून आले. वस्तीत गुलाल उधळला, काकांना खांद्यावर घेतलं. देव कोपला नाही, कुणाचे डोळे गेले नाहीत, आणि विजयाच्या भरात काकांनी मायला हाक मारली, "वैनी, तुमी इरोधात दिलंत तरी आमी निवडून आलोच की! झालं गेलं सोडा." दुसऱ्या दिवशी धुरपदाकाकूनं स्वतः मायची घागर आपल्या पुढं लावली. अण्णांची नोकरी शाबूत राहिली. माय मात्र अधूनमधून रझियाखालाकडंच पाण्याला जायची, उगीचच, आणि बराच वेळ बसून यायची. विरोधात मत दिलेली बाई म्हणून वस्तीनं तिला पुढं आयुष्यभर ओळखलं. मीही तसंच ओळखलं. माझ्या मुलांना मी ही गोष्ट तशीच सांगत आले, की तुमची आजी एकटी उभी राहिली आणि सगळ्या वस्तीविरुद्ध मत देऊन आली.

म्हातारपणी माय माझ्याकडं होती. एका दुपारी शेजारच्यांनी सांगितलं की दौलतराव गेले. माय चहा पीत होती. तिनं बशी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "चांगला मानूस. म्हनून तर मत दिलं व्हतं त्याला."

"कधी गं?" मी विचारलं. मला वाटलं, नंतरच्या कुठल्यातरी निवडणुकीत.

"तवाच की. टँकरच्या साली."

मी खुर्चीत बसले. "अगं, त्यालाच द्यायचं होतं तर भंडारा उचलायचास ना! निदान नंतर तरी सांगायचंस. काका एवढं बोलले, लोकांनी एवढं... माय, तू घागर घेऊन रस्त्यापलीकडं पाण्याला जायचीस गं!"

"त्यानं टँकर आनला, त्याला देनारच व्हते," ती म्हणाली. "पन सांगू कशी? तूच म्हनली व्हतीस ना, कुनाला सांगायचं नसतं."

"मग आज का सांगितलंस?"

"त्यो गेला की आता," माय म्हणाली आणि बशी उचलून उरलेला चहा प्यायली.

ते वाक्य मी तिसरी पायरी भरायला म्हणून घेतलं होतं. सभागृहात त्याला टाळ्या पडल्या, वस्तीत बायांचा श्वास अडकला, परीक्षकांनी चष्मा पुसला. पुढं मीसुद्धा माझं मत बापाला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, देवापुढं तर कितीदा सांगितलं. ते खरं मानून चाललेली बाई मला एकच माहीत आहे, आणि माझ्या पहिल्या भाषणाला ती चुलीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून बसली होती.